कोनाड्यांची भिंत

लामू, १४ जून १९८७

दादा, शिकामू.

छताचं काम एकदाचं सुरू झालं. तुझ्या पुराणवस्तू खात्याचा परवानगीचा कागद आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बुनूमामा गवंडी पहार घेऊन दारात हजर. आतल्या खोलीवरचे अकरा वासे पार गेले होते. वरून शाबूत दिसायचे, पण बोट लावलं की भुसा. नवे तिवराचे वासे पाटे बेटावरून होडीने आले, गाढवांवरून घरापर्यंत. सिमेंटचा कणसुद्धा येऊ दिलेला नाही, काळजी करू नकोस. चुना भाजलेला, भिजवलेला, सगळं तुमच्या कायद्याप्रमाणे. मामा म्हणतात, "मोंबासातले साहेब आत्ता शिकवतायत, आम्ही आईच्या दुधासोबत शिकलो."

आता खरं कारण लिहिते. ह्यांच्या अंगावरून वारं गेलं त्याला या शनिवारी सात महिने होतील. पहिल्या महिन्यात हे चेष्टेने म्हणायचे, "आयुष्यभर वाऱ्यावर पोट भरलं, शेवटी वारंच अंगावरून गेलं." आता चेष्टा बंद आहे. काठी धरून खोलीतल्या खोलीत चालतात, पण जिना उतरणं अशक्य. एकोणीस पायऱ्या, एकेक गुडघाभर उंच, आणि मधेच वळण. दोनदा भाच्यांनी उचलून खाली नेलं. दुसऱ्यांदा एकाचा पाय सटकला, तेव्हापासून ह्यांनी हात जोडले. म्हणाले, "खजुराची गोणी उतरवतात तसा मला उतरवू नका. मी तांडेल होतो." सात महिने मशीद नाही, किनारा नाही, चार माणसांत बसणं नाही.

मी खूप विचार केला. आपल्या आतल्या खोलीच्या भिंतीमागे चटया विणणाऱ्या तिमाचं घर आहे. ते टेकडीच्या अंगाला, म्हणून तिची जमीन आपल्या माडीच्या बरोबरीला येते. त्या भिंतीत एक दार पाडलं, तर तिच्या पडवीतून हे थेट वरच्या गल्लीत निघतील. तिथून मशिदीपर्यंत एकही पायरी नाही. बुनूमामांना विचारलं, तर ते थापी धुवायला निघून गेले. तुझी सही लागेल ना? तिमाला अजून विचारलेलं नाही, पण ती गरीब बाई आहे, नाही म्हणायची नाही.

तुझी,
जुंबे

•

मोंबासा, २५ जून १९८७

जुंबे, मरहबा.

अबूदची अवस्था वाचून जेवण गेलं नाही. त्याला माझा सलाम सांग. पण तू मागतेस ते होणार नाही.

त्या भिंतीत कोनाड्यांच्या पाच रांगा आहेत, एका रांगेत नऊ. तसं चुन्याचं नक्षीकाम अख्ख्या लामूत आता सहाच घरांत उरलंय. गाव संरक्षित ठरवण्याआधी घराघराची यादी झाली, तेव्हा आपल्या घराची नोंद मी माझ्या हाताने केली: 'संपूर्ण भिंत मूळची, अठराव्या शतकातली, कसलाही फेरफार नाही.' त्या यादीतल्या भिंतीला भोक पाडणं हा गुन्हा आहे, आणि तो माझ्याच बहिणीने करायचा? दुसऱ्यांना मी नवी खिडकी पाडू देत नाही. परवाच एका माणसाचा पत्र्याचा सज्जा उतरवायला लावला. तो उद्या माझ्या तोंडावर थुंकेल.

जिन्याला दोन्ही बाजूंनी दोर लाव. दोन भोयांची पक्की खुर्ची करून घे, मी सुताराला लिहितो. दुसरं घर भाड्याने बघायचं असेल तर तेही बघू.

आणि तिमाकडे या कामासाठी जाऊ नकोस. निष्कारण गावात चर्चा होते.

खलफान

•

लामू, ८ जुलै १९८७

दादा, शिकामू.

तुझी खुर्ची आली. सुताराने छान केलीय. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मयताला चार खांदे लागतात, मला दोनच? अजून थोडा वेळ आहे म्हणायचा." त्यावर घडी केलेले कपडे ठेवतेय.

तू कधी सात महिने एका भिंतीकडे बघत बसला आहेस का? हे बसतात. काल म्हणाले, "जुंबे, हे पंचेचाळीस कोनाडे म्हणजे मधाचं पोळं आहे, आणि मी त्यातली चिकटून मेलेली माशी." तुझ्या भिंतीचं वय दोनशे असेल. माझ्या नवऱ्याचं अठ्ठावन्न आहे. दोनशे वर्षांचं जपायचं म्हणून अठ्ठावन्नचं कुजू द्यायचं, असं तुमच्या कायद्यात कुठल्या पानावर लिहिलंय ते कळव.

दुसरं एक विचारते. वासे बसवताना बुनूमामा कोनाड्यांवर ठोकून बघत होते, गिलावा सुटलाय का म्हणून. कडेचे कोनाडे दगडासारखे वाजतात. मधल्या तीन उभ्या ओळी, जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत, मडक्यासारख्या वाजतात. मी म्हटलं, "मामा, हे असं का?" तर म्हणाले, "उंदीर असतील." दादा, दोन हात जाडीच्या पोवळ्याच्या दगडात उंदीर? तू भिंत इंच इंच मोजलीस. एकाच भिंतीचा आवाज दोन तऱ्हेचा कसा, ते तुला माहीत असणारच.

जुंबे

•

मोंबासा, १६ जुलै १९८७

जुंबे,

बुनूला सांग, भिंतीला हात लावायचा नाही. छत झालं की काम थांबवायचं. मी रजा मिळाली की येतो. तोवर कुणाशी बोलू नकोस.

खलफान

•

लामू, १२ ऑगस्ट १९८७

दादा, शिकामू.

ईद झाली. तू आला नाहीस. रजा मिळाली नसेल असं मी सगळ्यांना सांगितलं.

तुझं चार ओळींचं पत्र मी बुनूमामांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "साहेब घाबरलाय." मी म्हटलं, "कुणाला? मला?" ते म्हणाले, "नाही गं पोरी. मेलेल्यांना."

मी त्यांना एक कोनाडा उघडायला लावला. मधल्या ओळीतला, सगळ्यात खालचा. तुझ्या कायद्याने काय शिक्षा असेल ती माझी, त्यांची नव्हे. पातळ गिलावा निघाला, त्यामागे लाल माती आणि गोटे. चुना नाहीच. मामांनी हाताने माती ओढली आणि आत लाकूड लागलं. काळं, कोरीव, पानाफुलांचं. दाराची चौकट आहे, दादा. अख्खी चौकट.

मामा जमिनीवर बसले. म्हणाले, "हे माझ्या बापाचं काम. कोनाडे असे हुबेहूब केले की दोनशे वर्षांच्या कोनाड्यांत मिसळून गेले. तुझ्या बापाने सांगितलं म्हणून केले. पण आत चुना भरायला सांगितला होता, त्याने माती भरली. मला म्हणाला होता, कधीकाळी कुणाला उघडावंसं वाटलं तर फार कष्ट पडू नयेत."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"घर तुमचं. विचारलं कुणी?"

त्याच दुपारी मी तिमाकडे गेले. ती अंगणात ताडाची पानं रंगवत होती. मी दाराची हकिगत सांगितली, ह्यांचं सांगितलं. तिने मान वर केली नाही. पानं पिळून दोरीवर टाकली, हात पुसले आणि मग म्हणाली, "माडीवाले, तुला दार आत्ता सापडलं? आम्हाला ते सत्तेचाळीस वर्षं सापडलेलंच आहे. माझ्या बाजूला त्यावर गिलावा कधी कुणी केलाच नाही. चटया टांगते मी त्यावर."

तिने पुढची पानं रंगात बुडवली.

"भिंत घातली तेव्हा आम्हाला विचारलं नव्हतं. आता पाडायचीय तर विचारायला आलीस. गरज पडली की भिंतीत दारं दिसायला लागतात होय गं तुम्हाला?"

मी म्हटलं, "तिमा, मला खरंच माहीत नव्हतं."

"मग ज्याला माहीत आहे त्याला विचार," ती म्हणाली. "तुझा भाऊ कागदं लिहितो ना? त्याला म्हणावं, माझ्या आजीचं नाव लिहिता येतं का बघ."

दादा, तिच्या आजीचा आपल्याशी काय संबंध?

जुंबे

•

मोंबासा, २३ ऑगस्ट १९८७

जुंबे, मरहबा.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन फाडली.

तिमाच्या आजीचं नाव तुफाहा. ती आपल्या आजोबांची, शेकुवेंची, दुसरी बायको. लहानपणी ती या घरात गुलाम होती. आजोबांनी तिला मोकळं केलं आणि काझीसमोर निकाह लावला. मागचं घर तिला बांधून दिलं आणि दोन घरांच्या मधे दार ठेवलं. तिचा मुलगा हेरी आपल्या वडिलांचा सावत्र भाऊ. तिमा त्याची मुलगी. म्हणजे ती तुझी चुलत बहीण, माझीही.

आजोबा १९४० साली गेले. तू तेव्हा पाळण्यात होतीस, मी सात वर्षांचा. चाळिसावा दिवस होताच वडील चारचौघांत म्हणाले की तुफाहा घरची नोकर होती, निकाह-बिकाह काही झाला नव्हता. काझी मेलेला होता, साक्षीदार वडिलांच्या मेहेरबानीतले होते. मग त्यांनी दार चिणलं.

तोपर्यंत माझं दुपारचं जेवण पलीकडेच व्हायचं. आई तुझ्या बाळंतपणाने आजारी होती. तुफाहाआजी नारळाच्या दुधातला भात करायची आणि दारातून हाक मारायची, "खलफान, जेवायला ये." भिंत उभी राहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, तशीच हाक आली. दगडातून आली, लांबून आल्यासारखी. मी खोलीत होतो. वडील जिन्यात होते. मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशीही हाक आली. मी तोंडात सदऱ्याची बाही कोंबून बसलो. चौथ्या दिवसापासून आली नाही. त्यानंतर ती पंधरा वर्षं जगली. गल्लीत दिसली की मी रस्ता बदलायचो. तिच्या मयताला मी गेलो नाही.

आता कामाचं. यादी करायला मी आलो तेव्हा मला सगळं दिसत होतं. मधले कोनाडे बोटभर उथळ आहेत, नक्षीची पानं जरा जाड आहेत. दुसऱ्या कुणाच्या घरात असतं तर मी लाल शाईने लिहिलं असतं, 'मधला भाग अलीकडचा, जुनं दार बुजवलेलं.' वडील तेव्हा हयात होते. माझ्या मागे उभे होते. मी 'संपूर्ण भिंत मूळची' लिहिलं. ते कॉफी आणायला सांगून गेले. म्हणजे तुला जे दार नाकारलं ते कायद्याने नाकारलं नव्हतं. मी नाकारलं होतं. कायद्याला खरं सांगितलं असतं, तर त्याने कदाचित हो म्हटलं असतं.

अबूदला माझ्यामुळे आणखी दोन महिने त्या खोलीत काढावे लागले. त्याला कसं सांगू ते मला कळत नाही. तूच सांग.

खलफान

•

लामू, १० सप्टेंबर १९८७

दादा, शिकामू.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर इतकी चिडले होते की उत्तर लिहिलं असतं तर कागद जळला असता. म्हणून थांबले. थांबल्यावर दुसरंच काही आठवायला लागलं.

माझ्या लग्नात बायका टोमण्यांची गाणी म्हणत होत्या, आपल्याकडे म्हणतात तशी. त्यात एक ओळ होती: 'माडीवर सोनं, मागे कोण? विचारू नका, भिंतीला कान.' सगळ्या हसल्या. मीही हसले. कशाला हसले ते मला ठाऊक नव्हतं असं मी तुला लिहू शकते, पण ते खरं नाही. काहीतरी आहे एवढं ठाऊक होतं. मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून माहीत नव्हतं. त्या हेरीचाचाकडून आई चटया घ्यायची, तो अंगणातच उभा राहायचा, आणि मी त्याला कधी पाणी विचारलं नाही. तू गप्प राहिलास तेव्हा सात वर्षांचा होतास, मी गप्प राहिले तेव्हा एकवीस वर्षांची. आपल्यात कोण मोठं ते मला आता कळेनासं झालंय.

ह्यांना पत्र वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "खलफानला लिही, मी नऊ महिने आत आहे, तो सत्तेचाळीस वर्षं. त्यालाच आधी बाहेर काढा."

मग मी तिमाकडे पुन्हा गेले. दार मागायला नव्हे. तसं आधीच सांगितलं. तुझं पत्र तिच्या हातात दिलं. ती वाचते, तुला माहीत आहे का? कुराणशाळेत शिकवायची ती. हाकेचा भाग तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, "आजी सांगायची, पोरगं आत असायचं. श्वास ऐकू यायचा."

मी रडायला लागले तर म्हणाली, "रडायचं असेल तर पानं सोलता सोलता रड. उद्या माल द्यायचाय." म्हणून मी पानं सोलली.

निघताना तिने दोन अटी सांगितल्या. एक, सरकारी यादीत तिच्या आजीचं नाव लिहायचं, शेकुवेंची बायको म्हणून, आणि तिच्या बापाचं नाव, शेकुवेंचा मुलगा म्हणून. "गावकऱ्यांच्या तोंडी नको. तोंडं मरतात. कागदावर." दुसरी अट, दार उघडलं तर कडी तिच्या बाजूला. आपल्या बाजूला काही नाही, अडसर नाही, खिळासुद्धा नाही. "एकदा तुम्ही बंद केलंत. आता उघडायचं की बंद ठेवायचं ते मी ठरवीन."

मी दोन्हीला हो म्हटलं. दुसरी अट माझ्या हातातली आहे. पहिली तुझ्या.

जुंबे

•

मोंबासा, ९ ऑक्टोबर १९८७

जुंबे, मरहबा.

मी मोठ्या साहेबांपुढे दुरुस्तीचा अहवाल ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही हे चार वर्षांपूर्वी जाणूनबुजून चुकीचं लिहिलंत?" मी हो म्हटलं. "का?" मी म्हटलं, "वडील मागे उभे होते." ते म्हणाले, "खलफान, प्रत्येकाच्या मागे कुणीतरी उभं असतं. म्हणून तर आपण कागद करतो."

ते रागावले नाहीत, पण सोडलंही नाही. मी नोंदवलेली सगळी घरं आता दुसरा माणूस पुन्हा तपासणार आहे, एकशे बारा घरं. तोवर माझ्याकडे सही नाही. मार्चमध्ये निवृत्तीच आहे, तोपर्यंत नकाशांच्या खोलीत बसतो. जे लोक माझ्याकडे अर्ज घेऊन यायचे ते आता दारावरून पुढे जातात. पत्र्याचा सज्जा उतरवलेला माणूस मुद्दाम येऊन "कसे आहात?" विचारून गेला. त्याचा हक्क होता.

समितीत वाद झाला. एकजण म्हणाला, बुनूच्या बापाचे कोनाडेसुद्धा आता इतिहास आहेत, इतकं सुंदर काम का पाडायचं? ते खोटं नाही. शेवटी ठरलं ते असं: जुनं दार जेवढं होतं तेवढंच उघडायचं, एक बोटही जास्त नाही. कडेचे सगळे कोनाडे राहतील. मधल्या कोनाड्यांतला एक बुनूने अखंड कापून काढायचा, तो गावातच जपून ठेवतील. चौकट तीच. परवानगीचा कागद सोबत आहे, सही दुसऱ्याची.

नवी नोंद मी लिहिली नाही, पण ज्याने लिहिली त्याला शब्द मी दिले. तिमाला वाचून दाखव:

'मागच्या भिंतीत मूळचं दार. घराचे मालक शेकुवे यांची पत्नी तुफाहा व त्यांचा पुत्र हेरी यांच्या घरात जाणारं. १९४० साली ज्येष्ठ पुत्र फमाऊ याने बुजवलं. कारण: कुटुंबातील अन्याय.'

'अन्याय' या शब्दावर समिती अडली होती. इमारतीच्या नोंदीत असा शब्द नसतो म्हणाले. मी म्हटलं, मग भिंत का घातली त्याचं दुसरं कारण तुम्ही शोधून लिहा. शेवटी राहू दिला.

वडिलांचं नाव त्या ओळीत वाचून तुला काय वाटेल ते मला माहीत आहे. मलाही वाटलं.

खलफान

•

लामू, ८ नोव्हेंबर १९८७

दादा, शिकामू.

मौलिदच्या, पैगंबरजयंतीच्या, आधी दार झालं. बुनूमामांनी बापाचे कोनाडे उतरवताना कुणाला जवळ येऊ दिलं नाही. कापायचा कोनाडा त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून, लहान मूल न्यावं तसा स्वतः उचलून नेला. माती खरंच हाताने निघाली.

तू दिलेली नोंद तिमाने घेतली, वाचली, घडी घालून कपाटात ठेवली.

दार उघडायच्या दिवशी ती पलीकडून येईल म्हणून मी वाट बघत बसले, तर ही बाई आमच्या पुढच्या दारात! खालच्या गल्लीने वळसा घालून आली होती. अंगावर नवा काळा बुईबुई बुरखा, हातांवर मेंदी. एकोणीस पायऱ्या चढली, मधे दम खात, "काय गं हा जिना, माणसं राहतात का बोकड?" म्हणत. ह्यांनी उठायचा प्रयत्न केला तर म्हणाली, "बसा हो तांडेल. मी पाहुणी नाही." बसली. आल्याची कॉफी घेतली, हलवा घेतला. आजोबांचा जुना पलंग कुठे असायचा ते विचारलं. सगळ्या खोल्या हिंडून पाहिल्या, अगदी सावकाश. मग म्हणाली, "माझी आजी या घरात कायम मागून आली आणि मागूनच गेली. मी एकदा पुढून आले. आता मागून जायला हरकत नाही." आणि चौकटीखालून वाकून आपल्या घरात गेली. मग तिनेच वळून ह्यांना हात दिला.

शुक्रवारी हे नमाजाला गेले. वरच्या गल्लीतून, काठीने, मी मागे. लोक उठून उभे राहिले. कुणी तिमाच्या पडवीकडे बघत होतं, कुणी मुद्दाम बघत नव्हतं. फातुमा काझीणीने मला विचारलं, "ही वाट कुठून काढलीस?" मी म्हटलं, "आमच्या बहिणीच्या घरातून." तिने तोंड वाकडं केलं. करू दे.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. तिमा अजून मला 'माडीवाली'च म्हणते. हेरीचाचाच्या कबरीवर मी फुलं घेऊन गेले तर म्हणाली, "त्यांना फुलं आवडायची नाहीत." तुझ्याबद्दल एवढंच बोलली: "यायचं असेल तर येऊ दे. बोलावणं पाठवणार नाही." तुझं तू ठरव.

परवा ती भाचीच्या लग्नाला शेला गावी गेली, कडी लावून. हे सकाळपासून टोपी घालून तयार. मी म्हटलं, तिला आधी सांगून ठेवायला हवं होतं, एक दिवस उघडं ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं. ह्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "दार तिचं आहे जुंबे. ती घरी नसली की बंद असणारच."

आणि दिवसभर आम्ही दोघं आतच बसलो.

तुझी,
जुंबे